दौलतराव हसत का नाहीत

नर्स झाले तेव्हा मला वाटायचं, आपलं काम हाताचं आहे. इंजेक्शन, पट्टी, थर्मामीटर, बेडपॅन. बोलण्याचं काम डॉक्टरांचं, आणि गप्प बसण्याचं काम कोणाचंच नाही. पुढे कळलं की या पेशात सगळ्यांत अवघड काम गप्प बसण्याचंच आहे. ते मला आंजीच्या एका शेतकऱ्याने शिकवलं, आणि शिकवताना माझी भरपूर थट्टाही केली.

माझे वडील पुलगावच्या गिरणीत विणखात्यात होते. आमच्या घराण्यात मॅट्रिक झालेली मी पहिली, नर्सिंग शिकलेली पहिली आणि पुढे नोकरी सांभाळून बी.ए. झालेलीही पहिलीच. त्यामुळे जगात शिकण्यासारखं जे काही आहे ते छापलेलंच असतं, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. परिचर्येचं पुस्तक मी जवळजवळ पाठ केलं होतं. कंपवातावर त्यात दीड पान होतं. डॉक्टर लोक या आजाराला पार्किन्सन म्हणतात. हात कापतो, अंग ताठरतं, चाल मंदावते, आवाज बारीक होतो, चेहऱ्याचे स्नायू हलेनासे होतात. त्या पानाच्या शेवटी रोग्याला आनंदी ठेवावं असं लिहिलं होतं. कसं, ते नव्हतं.

ही गोष्ट सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची. मी तेव्हा वर्ध्याला एका लहान दवाखान्यात होते. आमचे डॉक्टर आठवड्यातून एकदा मला आर्वीकडे जाणाऱ्या मोटारीत बसवून देत. वाटेतल्या गावांत जुने रोगी असत, त्यांना घरी जाऊन पाहायचं आणि येऊन सांगायचं. त्या काळी कंपवातावर औषध म्हणजे बेलाडोनाचे थेंब. त्यांनी हात थोडा कमी कापायचा आणि तोंड फार कोरडं पडायचं. बाकी सगळं आमच्या हवाली.

दौलतराव पन्नाशी उलटलेले, कपाशी-तुरीची बरी शेती असलेले गृहस्थ. आंजीत त्यांची ख्याती होती ती तोंडाची. पोळ्याला तोरणाखाली झडत्या, म्हणजे बैलांपुढची चुरचुरीत कवनं, म्हणायला ते उभे राहिले की शेजारच्या गावची माणसं ऐकायला येत, असं मला गावच्या स्टॅण्डवरच कोणीतरी सांगितलं होतं. घरी गेले तर धान्याच्या कणग्यांमागे, मागच्या खोलीत, एक माणूस भिंतीसारखा चेहरा करून बसलेला. उजवा हात मांडीवर एकसारखा कापत होता.

मी पुस्तकाप्रमाणे सुरुवात केली. "काकाजी, जेवलात का?" उत्तर नाही. "हात कधीपासून कापतो?" उत्तर नाही. "गिळायला त्रास होतो का?" "चालता येतं का?" "झोप लागते का?" त्यावर दौलतराव बारीक आवाजात म्हणाले, "जेवलो. वाढलं तं अजून जेवतो."

मी वहीत लिहिलं, 'रोगी सहकार्य करत नाही, बुद्धीवरही परिणाम दिसतो.' अक्षर फार सुंदर होतं माझं.

दुसऱ्या खेपेला पिशवीत थर्मामीटर सापडेना. मी खाली मान घालून शोधत राहिले, म्हणून तोंड बंद राहिलं. तेवढ्यात समोरून उत्तर आलं, मी मघाशी विचारलेल्या प्रश्नाचं, अगदी बरोबर. मग थोड्या वेळाने त्याच्या पुढच्या प्रश्नाचं. मी वर पाहिलं.

"बाई," दौलतराव म्हणाले, "तुमची मोटार लय फास्ट हाय. मी मागच्याच ठेसनावर उभा असतो."

त्यांची बुद्धी शाबूत होती, फक्त तिला बाहेर यायला वेळ लागत होता, आणि तो वेळ त्यांना घरात कोणी देत नव्हतं. मीसुद्धा दिला नव्हता. वहीतली ओळ मी खोडली. खोडलेलं डॉक्टरांना दिसलंच. ते हसले.

बाहेरच्यांना सांगायचं तर आमचं काम एवढंच असतं. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. मग मनात वीस आकडे मोजायचे. रोग्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. तो समोर बसलेला असताना त्याच्याबद्दल दुसऱ्याशी बोलायचं नाही. हे लिहायला सोपं आहे. घरी तुमच्या माणसाशी एक दिवस करून पाहा.

मी हे नियम त्यांच्या पत्नीला, सरस्वताबाईंना शिकवायला गेले. त्या म्हणाल्या, "बाई, लग्नाले तीस वर्सं झाले. ह्या मानसाच्या तोंडाले कधी कुलूप नव्हतं. आता कुठं लागलं, तं तुमी चाबी घेऊन आल्या!" पण वीस आकडे त्यांनी माझ्याआधी साधले. मी तेराला बोलून टाकायची.

खरं दुखणं हातात नव्हतंच. दौलतरावांची थट्टा करायची पद्धत अशी की कडू बोलायचं आणि डोळ्यांनी हसायचं. आता डोळे, गाल काहीच हलत नव्हतं. शेजाऱ्याला ते म्हणाले, "तुयापेक्षा तुया बैल शायना हाय." पूर्वी असल्या बोलण्यावर तोच शेजारी खो खो हसायचा. यावेळी तो चहा अर्धा ठेवून उठला आणि पुन्हा आला नाही. असे दोन-चार जण उठून गेल्यावर दौलतरावांनी ओसरी सोडली आणि कणग्यांमागे जाऊन बसले.

त्या घरी माझा कप ओसरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. धम्मदीक्षेनंतर आमच्या घरच्या भिंतीवरचे देव उतरून तेव्हा वर्षच झालं होतं आणि कोणाच्या घरी कुठे बसायचं हे मला न सांगता कळत होतं. दौलतरावांचाही कप वेगळाच होता, पितळेचा, कारण चिनी मातीचे त्यांच्या हातून फुटायचे. एकदा चहा आला तेव्हा त्यांनी दोन्ही कपांकडे पाहिलं आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "बाई, आपन दोघं एकाच पंगतीतले." सरस्वताबाईंनी पदर तोंडाला लावला. मी हसले. ते हसले की नाही हे चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता, पण तोवर मी ते ओळखायला शिकले होते. हसू आलं की त्यांचा हात जास्त कापायचा.

चालण्याचा शोध मात्र मी लावला, तो मी कोणाला देणार नाही. सपाट जमिनीवर त्यांचा पाय मध्येच खिळल्यासारखा थांबायचा, विशेषतः दारात. "चला, चला" म्हटलं की अधिकच थांबायचा. एके दिवशी अंगणात तुराट्या, म्हणजे तुरीची वाळलेली खोडं, आडव्यातिडव्या पसरल्या होत्या. मी ओरडणार, तोच दौलतराव एकेक तुराटी ओलांडत तरण्या गड्यासारखे पार गेले. सपाट जागी अडणारा पाय आडव्या काडीवरून मात्र उचलला जात होता. त्या दिवसापासून आम्ही त्यांच्या खाटेपासून ओसरीपर्यंत हात हात अंतरावर तुराट्या मांडल्या. घराला रेल्वेचे रूळ टाकल्यासारखं दिसे. दौलतराव पुन्हा ओसरीवर येऊ लागले.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या मुलीची, शांताची सोयरीक आली. मुलगा पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत कारकून, घर हिंगणीचं. मुलाचे वडील विठ्ठलराव बोलणी करायला येणार होते. दौलतरावांचा थोरला मुलगा मधुकर घाबरून गेला. तो वाईट नव्हता. बहिणीचं जमावं एवढंच त्याला हवं होतं.

"बाबूजीले त्या दिवशी मामाच्या घरी ठेवू," तो म्हणाला. "पाहुन्याईले सांगू, कोर्टाच्या कामानं वर्ध्याले गेले. हे असं पाहिलं तं कोन सोयरीक करन? मनतीन, घरान्यात लकवा हाय."

दौलतराव समोरच बसले होते. मी म्हटलं, "मधुकरभाऊ, त्यांना विचारा."

"शिष्टरबाई, तुमी दवा द्या. सोयरीक आमाले करू द्या."

आतून शांता आली. ती एरवी माझ्यासमोर फारशी बोलत नसे. "बाबूजी बैठकीत नसन, तं मी चहा घेऊन भायेर येनार नाई," एवढं म्हणून ती परत गेली.

मी मोजत होते. वीस झाले, तीस झाले.

"मेलो असतो तं गोष्ट येगळी," दौलतराव म्हणाले. "जिता हाय. बसतो."

आता ही जबाबदारी माझ्यावर आली असं मला वाटलं, आणि मी अति केलं. मला वाटलं, पाहुण्यांसमोर त्यांना जरा हसता आलं तर निम्मं काम होईल. आरसा धरून मी त्यांना गालांचा व्यायाम शिकवला. ओठांचे कोपरे वर, दात थोडे बाहेर. चौथ्या खेपेला हसू तयार झालं. सरस्वताबाई दारातून आत आल्या, त्यांनी ते पाहिलं आणि दोन पावलं मागे सरल्या.

"अरे बाप्पा! असे हासू नका हो. पाहुने बंडीतूनच परत जातीन."

दौलतरावांचा हात इतका कापायला लागला की आरसा मलाच बाजूला ठेवावा लागला. हसण्याचा बेत सोडला. औषधाची वेळ अशी बांधली की दहा वाजता अंग सगळ्यांत मोकळं असेल. मागच्या खोलीपासून बैठकीपर्यंत तुराट्या नव्याने मांडल्या, शेवटची बरोबर बैठकीच्या उंबरठ्याशी. मी खूश होऊन वर्ध्याला परतले.

बोलणीच्या रविवारी मी पोहोचले तेव्हा पाहुणे येऊन बसले होते. मागच्या दाराने आत गेले. दौलतराव धोतर, कोट, फेटा बांधून तयार. घर लख्ख सारवलेलं, शेणाचा वास अजून ओला. आणि एकही तुराटी नाही. पाहुणे यायचे म्हणजे घरात काडी दिसता कामा नये. सरस्वताबाईंनी पहाटेच सगळ्या तुराट्या गोळा करून चुलीत घातल्या होत्या, त्याच चुलीवर पाहुण्यांचा चहा उकळत होता. मी सगळ्याचा विचार केला होता, झाडूचा केला नव्हता.

"चला," दौलतराव म्हणाले आणि मी काही बोलायच्या आत निघाले. माजघर पार केलं. बैठकीच्या उंबरठ्याशी उजवा पाय खिळला.

सगळी बैठक त्यांच्याकडे पाहत होती. मी त्यांच्या मागे, माजघरात. दार त्यांनीच अडवलेलं, त्यामुळे मला पुढेही जाता येईना.

"राम राम इवाई," विठ्ठलराव म्हणाले. "या, बसा न."

दौलतराव उभे. चेहरा दगडाचा.

"काऊन? काही चुकलं काय आमचं?"

आमच्याकडे सोयरिकीत रुसणं हा माणसाचा हक्क समजतात आणि समजूत काढणं हे समोरच्याचं कर्तव्य. त्यातून त्या सकाळी वाद झालाच होता. लग्न हिंगणीला व्हावं असं पाहुण्यांचं म्हणणं होतं, आणि मधुकर आंजीला म्हणत होता, कारण एवढा प्रवास वडिलांना झेपणार नव्हता. ते कारण मात्र त्याला सांगता येत नव्हतं.

"लग्न हिंगणीले मनलं म्हनून राग आला काय?" विठ्ठलराव काठी टेकत उठून उभे राहिले. उत्तर नाही. हात कापतोय. "बरं राह्यलं. आंजीले करू."

त्यांच्यासोबत आलेले मुलाचे मामा म्हणाले, "आंजीले? अहो, पन घरी आपलं ठरलं होतं..."

"चूप बस गा! मानूस रागानं कापून राह्यला, दिसत नाई का तुले?"

मधुकरचे डोळे चमकले. वडिलांच्या खांद्यावरून त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत एकच विनवणी होती, की बाई, आता काही बोलू नका. खरं सांगते, बोलायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी सांगितलं असतं, हे रागावलेले नाहीत, आजारी आहेत. पण त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, हा नियम मीच त्या घराला शिकवला होता. मी मोजत राहिले. आणि त्या बैठकीतली सगळी माणसं, भीतीने का होईना, थांबली. दोन वर्षांत पहिल्यांदा एवढी माणसं दौलतरावांच्या उत्तरासाठी थांबली असतील.

"रागावलो नाई," दौलतराव म्हणाले. आवाज बारीक, पण एवढी शांतता होती की शेवटच्या माणसाला ऐकू गेला. "मले बिमारी हाय. कंपवात. पाय अटकते. तोंड हासत नाई, मी आतून हासतो." मग बराच वेळ गेला. मधुकरने डोळे मिटून घेतले. "डोक्सं शाबूत हाय. लग्न हिंगणी मना तं हिंगणी. आता तुमची काठी तेवढी माह्या पायापुढं आडवी टाका."

विठ्ठलरावांना काही समजलं नाही, पण त्यांनी काठी उंबरठ्याच्या अलीकडे आडवी ठेवली. दौलतरावांनी नाला ओलांडावा तसा पाय उचलला आणि येऊन गादीवर बसले. शांता चहा घेऊन बाहेर आली.

जाताना विठ्ठलरावांनी मला बाजूला घेतलं. "बाई, पोरीले होईन काय हे?"

मी म्हटलं, "बहुतेक घरांत हा आजार पुढे उतरत नाही. पण हमी मागाल तर ती मी देऊ शकत नाही."

एखादी चलाख बाई असती तर पहिल्या वाक्यावर थांबली असती. पाहुणे "घरी इचारून कळवतो" म्हणून गेले. सोयरिकीत याचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना माहीत असतं.

पुढचे काही आठवडे मला आंजीला जायचं जिवावर येई. मधुकर मला पाहून शेताकडे निघून जायचा. शांता दिसायची नाही. आपल्या नियमांच्या तोऱ्यात आपण एका मुलीचं जमत आलेलं मोडलं, असं मला वाटायचं आणि ते चेहऱ्यावर दिसत असणार. कारण एकदा नाडी मोजत असताना दौलतराव म्हणाले, "बाई, तुमचं तोंड पाहून लोक मनतीन, कंपवात तुमालेच झाला."

एका बाजाराच्या दिवशी विठ्ठलराव एकटेच आले. मी तेव्हा तिथेच होते. ते ओसरीवर बसले, पाणी प्याले आणि मधुकरला नाही, दौलतरावांना उद्देशून बोलले.

"आमच्या घरच्या बाईनं इचारलं, मानूस कसा वाटला? मी सांगतलं, चूप राह्यला असता तं जिंकत होता, तिथं बोलला. बाई मने, मंग अजून काय पाह्यता? अशा घरची पोरगी आना." मग ते मधुकरकडे वळले. "आन लग्न आंजीलेच. भेवून देल्ला असन, पन शब्द देल्ला."

दौलतराव काही वेळाने म्हणाले, "अजून थोडा येळ उभा राह्यलो असतो, तं वरातीचा बँडही कबूल केला असता तुमी." विठ्ठलरावांनी त्या दगडी चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, मग हाताकडे, आणि मांडीवर थाप मारून हसायला लागले. मी न सांगता त्यांना ते कळलं याचा मला आनंदही झाला आणि थोडा हेवाही वाटला.

त्या घराबद्दल सगळंच गोड लिहिलं तर खोटं होईल. माझा कप शेवटपर्यंत कोनाड्यातच राहिला. सगळंच एका लग्नात होत नसतं. दौलतरावांचा आजारही थांबला नाही. पुढे त्यांचं बोलणं फारच पुसट झालं आणि शेवटी शेवटी मी वीसच्या जागी शंभर मोजले तरी काही यायचं नाही. या आजाराचं चांगलं औषध आपल्याकडे आलं तेव्हा ते राहिले नव्हते. माझ्या हाताखाली नंतर अनेक मुली शिकून गेल्या, त्यांना मी पदवीधर बाई म्हणून परिचर्या शिकवली. पण रोग्याला आनंदी कसं ठेवावं हे मला अजूनही सांगता येत नाही. त्याला लपवू नये, एवढंच येतं.

लग्नात वर्ध्याहून फोटोग्राफर आणला होता. तिपाईवरचा मोठा कॅमेरा, वर काळं कापड. दोन्ही घरची माणसं मांडवाबाहेर उन्हात ओळीने बसली, मध्ये दौलतराव आणि विठ्ठलराव. फोटोग्राफर कापडाखालून डोकं काढून म्हणाला, "वधूपित्याचा हात उपरण्याखाली घ्या. हलला तर फोटोत पुसट येईल."

मधुकर पुढे झाला. वाकून त्याने उपरण्याचं टोक धरलं, पण ते हातावर ओढलं नाही. तसाच वाकून वडिलांच्या तोंडाकडे पाहत थांबला. फोटोग्राफर चुळबुळ करायला लागला, ऊन चढत होतं, मामा घाम पुसत होते. मधुकर हलला नाही.

"राहू दे," दौलतराव म्हणाले. मधुकर टोक सोडून आपल्या जागी जाऊन बसला.

त्या काळी फोटोत कोणी हसत नसे. त्यामुळे त्या फोटोत सगळेच दगडासारखे बसलेत, नवरदेव, मामा, विठ्ठलरावसुद्धा, आणि दौलतराव त्यांच्यात अगदी चारचौघांसारखे दिसतात. फक्त त्यांच्या उजव्या गुडघ्यावर हाताच्या जागी पांढुरका डाग आहे. शांता आता नातवंडांची आजी आहे. घरी कोणी आलं की ती तो फोटो काढते, बोट आधी त्या डागावर ठेवते आणि सांगते, "हे माहे बाबूजी."